शब्दशः

"सही कुणी करायची नाही." टेलरमास्तर सभागृहाच्या दारात आडवे उभे राहून प्रत्येकाला बजावत होते. "हजेरीची वही पुढं केली तरी नाही. चहा दिला तरी घ्यायचा नाही. आणि पालिकेच्या बाईंनी योजनेबद्दल काही विचारलं, तर तोंडाला कुलूप."

जुन्या बाजारातले चाळीस दुकानदार माना डोलावत आत गेले. भाजीबाजाराचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तिथल्या लोकांनी चहा घेतला, वहीत सह्या केल्या, आणि महिन्याभरात त्याच सह्या 'संमती' म्हणून छापून आल्या. आता तिथे गाड्या लावतात.

या वेळी पाळी जुन्या बाजाराची होती. योजनेचं नाव मोठं गोंडस, 'लोकसहभागातून बाजाराचं नवजीवन'. नवजीवन म्हणजे सगळी दुकानं उठवून गावाबाहेर, वळणरस्त्याच्या पलीकडे नेऊन बसवायची. पँटची उंची कमी करून घ्यायला तिकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. मास्तरांचं दुकान एकतीस वर्षांचं. त्याच्यावर दोन मुलींची शिक्षणं झाली, आणि पुढच्या म्हातारपणालाही दुसरा आधार नव्हता. वकिलाने एकच वाट दाखवली होती. सुनावणीत लोकांचं मत नोंदलंच गेलं नाही, तर योजना मंजुरीला जात नाही, आल्या पावली परत फिरते. म्हणून हा मौनाचा बेत.

"गिऱ्हाइकाशी बोलता तसं तिथं गोड बोलू नका," मास्तर निघताना बायकोने काजं करता करता सांगितलं होतं. "वर्षभर कपडे न नेणाऱ्यालाही तुम्ही हसून सोडता."

"आज दात दाखवणार, पण हसायला नाही," मास्तर म्हणाले होते.

नगरपालिकेच्या अधिकारीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखं हसू होतं. शेजारी कारकून कागद सरळ करत होता. दुकानदारांपैकी एकानेही त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. हजेरीची वही सगळ्या रांगांतून फिरली आणि कोरीच परत गेली. चहावर साय धरली.

मास्तर उठले. "सगळ्यांच्या वतीने मी एकटा बोलणार."

"म्हणजे तुमचा शब्द तो सगळ्यांचा, असं लिहू?"

"लिहा. आणि जे लिहाल ते शब्दशः. भाजीबाजारात तुम्ही लोकांच्या तोंडी आपले शब्द घातलेत. इथं एक अक्षर इकडचं तिकडं झालं, तर मी गप्प बसणार नाही."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. "ऐकलंत ना? शब्दशः. माझे प्रश्न आणि मास्तरांची उत्तरं." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "भाषणं मात्र नियमाप्रमाणे नोंदीत येत नाहीत."

मास्तरांना मनातून हसू फुटलं. बाई आपल्याच पायाने सापळ्यात चालत आल्या होत्या. भाषण नोंदीत येणार नाही, आणि योजनेच्या प्रश्नांना उत्तर द्यायचंच नाही, म्हणजे नोंद कोरीच.

दारातून उशिरा आलेले लोक मधल्या लाकडी बाकाला अडखळत होते. तेलवाल्याचा गुडघा फुटता फुटता राहिला, आणि त्याने पालिकेच्या नावाने एक कचकचीत शिवी हासडली. बाईंनी ती ऐकली नसावी. त्या उठून बाकाजवळ आल्या. "मास्तर, हे इथून हलवलं तर चालेल?"

"हरकत नाही," मास्तर तुटकपणे म्हणाले. बाक दोघांनी उचलून भिंतीला लावलं.

टेबलावर नकाशाची जाडजूड गुंडाळी होती. बाईंनी ती भिंतीपाशी नेली. "आराखडा लावू?"

"हरकत नाही." आपला बाजार कसा पुसलाय ते तरी सगळ्यांना दिसू दे, असं मास्तरांना वाटलं. खिळ्यांना अडकवलेल्या कागदावर त्यांच्या दुकानाच्या जागी एक हिरवा गोल होता, आणि त्यात एक झाड. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी शेजारून पुटपुटले, "बघा, तुमचं झाड झालं."

बाई जागेवर बसल्या. "मग कामाला सुरुवात करू?"

"हरकत नाही."

त्यानंतर मात्र मास्तरांनी शब्द पाळला. नव्या जागेबद्दल आपलं मत काय? मास्तर गप्प. गाळे केवढे असावेत? मास्तर गप्प. पालिकेबरोबर स्थानिक समितीत बसाल का? चाळीस माणसं चाळीस दगडांसारखी बसून राहिली. कारकुनाचं पेन हवेत तरंगत राहिलं.

प्रश्न संपले तसे मास्तर उठले, आणि साठवलेलं सगळं बाहेर आलं. "एकतीस वर्षं मी या गावाची मापं घेतलीत, बाई. तुमची योजना आमच्या अंगाला बेतलेलीच नाही. कापड आमचं, कात्री तुमची, आणि कपडा घालणार तिसराच. भाजीबाजार गिळलात, तेवढ्यावर ढेकर द्या."

पहिल्यांदाच सभागृहात टाळ्या पडल्या.

"आभारी आहे, मास्तर," बाई कागद गोळा करत म्हणाल्या. "तुम्ही आमचं काम सोपं केलंत." हा टोमणा समजून सगळे बाहेर पडले. रस्त्यात घड्याळजींनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, आणि बायकोने त्या दिवशी आनंदात दुकान दुपारीच बंद केलं.

आठव्या दिवशी सकाळी बाजाराच्या फाटकावर नोटीस लागली. भोवती गर्दी होती. मास्तर जवळ जाताच माणसं बाजूला झाली. रामराम कुणीच घातला नाही. घड्याळजींनी तर सरळ पाठ फिरवली. मास्तरांनी खिसे चाचपले, चष्मा दुकानातच राहिला होता.

"वाच गं," ते बायकोला म्हणाले.

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि ओळीओळीला तिचा आवाज खाली जात गेला. "सुनावणीची शब्दशः नोंद. विषय, जुना बाजार. चाळीस दुकानदारांच्या वतीने टेलरमास्तर. प्रश्न, हे इथून हलवलं तर चालेल? उत्तर, हरकत नाही. प्रश्न, आराखडा लावू? उत्तर, हरकत नाही. प्रश्न, मग कामाला सुरुवात करू? उत्तर, हरकत नाही."