ऑर्गन गप्प झाला तेव्हा

पाळक टॉलबर्ट यांचं बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे बेथेल चर्चमध्ये कुणालाच सांगता आलं नसतं. वाक्याचं शेवटचं अक्षर लांबलं, लांबता लांबता त्याला सूर लागला, आणि त्या सुरावर अर्नेस्टीनताईंच्या ऑर्गनने हुंकार भरला. पाळकांनी ओळ टाकायची, ऑर्गनने ती झेलायची, लोकांनी आमेन म्हणायचं. पुठ्ठ्याचे हातपंखे हलायचे थांबले. मागच्या बाकांवरची माणसं पुढे सरकून बसली.

विषय होता ते दुकान. फोनवर बोट टेकवलं की दारात खोकं आणून टाकणारं, साऱ्या देशाला पुरून उरलेलं. पाळकांनी त्याचं नाव घेतलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गावातला बूटवाला गेला, औषधांचं दुकान गेलं, हार्डवेअरच्या दाराला फळ्या ठोकल्या, आणि आपल्याच लेकी हायवेवरच्या त्या गोदामात उभ्या राहून पाय सुजवून घेताहेत, असं ते गात होते. बायबलातल्या इजिप्तच्या राजाने गुलामांकडून पाडून घेतलेल्या विटांपर्यंत आले तेव्हा पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या होत्या.

"काळ्यांना मागे बसवणारी बस आपल्या आज्यांनी सोडली आणि त्या वर्षभर पायी चालल्या," पाळकांचा आवाज छताला लागला, "आणि आपल्याला एक बोट आवरत नाही?"

अख्खं चर्च उठलं. बायकांच्या रविवारच्या मोठमोठ्या टोप्या डोलायला लागल्या. आता पाळकांनी विचारायचं, आजपासून कोण सोडतंय ते दुकान. ऑर्गनने तो सूर उचलून धरायचा. आणि त्या सुरावर सगळ्यांनी शपथ घ्यायची. बेथेलमध्ये ऑर्गनशिवाय शपथ होत नाही.

पाळकांनी विचारलं. ऑर्गन गप्प.

त्यांनी टॉवेलने कपाळ टिपलं आणि पुन्हा विचारलं, या खेपेला जरा जोर लावून. सूर तसाच अधांतरी राहिला. कुणीतरी म्हणालं, वीज गेली वाटतं. दिवे तर लखलखत होते. मग कुणी म्हणालं, ताईंना चक्कर आली, पाणी आणा. अर्नेस्टीनताई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या.

"चक्कर नाही आली," त्या म्हणाल्या. "वाजवलं की शपथ मलाही बसते. ती घ्यायची का, ते मला ठरवू द्या."

मग त्यांनी जागेवरूनच सगळं सांगितलं. गुडघे गेलेत, गाडी चालवता येत नाही, घर गावाच्या पार टोकाला. औषधांचं दुकान गेलं हे पाळकांनी आत्ताच फार गोड गायलं. तेव्हापासून पायांची सूज दाबणाऱ्या घट्ट मोज्यांपासून दिव्याच्या बल्बपर्यंत सगळं त्या खोक्यांतून येतं. त्या दुकानावर आपलं प्रेम नाही. गोदामात आपलीही भाची उभी असते.

"शुगर तपासायच्या पट्ट्या उद्या संपतात, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "आमेनने शुगर मोजता येत नाही."

कुणीतरी हसलं आणि हसू गिळलं.

तिसऱ्या बाकावरून ॲमॉस विदर्स पुढे आले. चर्चचे कारभारी, राहायला ताईंच्या अगदी समोर. उपासनेत कुणी खोकलं तरी वळून बघणारा माणूस. आता ताईंची काही खैर नाही, असं सगळ्यांना वाटलं. ॲमॉसभाऊ मात्र हातातली टोपी गोल फिरवत राहिले.

"तुमच्या दारात रोज ती खोक्यांची गाडी दिसायची, ताई," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हाला कुणी लागत नाही."

ताईंनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"आणि मला वाटायचं, तुम्हाला रस्ता ओलांडता येत नाही."

आधी गायकवृंद हसला, मग बाकं हसली, शेवटी ॲमॉसभाऊही हसले. उद्या मी जातो शहरात, पट्ट्या आणतो, असं म्हणाले, आणि तिथून जे सुरू झालं ते आवरेना. गायकवृंदातल्या रोझेटाने सांगितलं, ती भावाला दर गुरुवारी शहरातल्या दवाखान्यात नेते, येताना गाडीची मागची बाजू रिकामीच असते. एका नळवाल्याने आपली व्हॅन देऊ केली. मग कोपऱ्यातून एक म्हातारा चाचरत म्हणाला, मलाही कुणी नाही आणून द्यायला. त्याच्या मागे आणखी एक, मग खिडकीजवळच्या दोघी बहिणी. जो उठे त्याच्याकडे तीन-तीन माणसं धावत. मी आणते, तुझ्या वाटेवर नाही, माझ्या आहे, असा गलका उडाला. पाळक व्यासपीठ सोडून खाली आले आणि त्या गर्दीत शिरले. कुणी त्यांच्याकडे बघेना. शेवटी ऑर्गनला टेकून त्यांनी विचारलं, मोज्यांचं माप काय.

"ते मी इथे चारचौघांत सांगणार नाही," ताई म्हणाल्या.

त्यांनी बोटं मोकळी करून ऑर्गनवर ठेवली. चर्च हळूहळू शांत झालं. हात हातात घेतलेली माणसं तशीच उभी राहिली. पाळकांनी मघाचा सूर मनात धरून ठेवला होता. ताईंनी तो दिला नाही. त्याच्या पुष्कळ वरचा दिला, इतका वरचा की पाळकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

ताईंनी त्या सुरावरचं बोट उचललं नाही.

पाळकांनी टॉवेल बाजूला टाकला, टाचा उंचावल्या, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत ते त्या सुराच्या मागे निघाले.