मातीवर रचलेला घुमट

आतल्या मातीचा शेवटचा खांब तेवढा उरला होता, आणि तो पाडायला कुणी तयार नव्हतं.

सकाळी घुमटातून एक वीट सुटली. चिंधू गड्याच्या खांद्याला चाटून खाली पडली. तेव्हापासून माती उपसणारे सगळे गडी बाहेर लिंबाखाली जाऊन बसले होते. आत प्रेमदास गवंडी एकटा.

असली इमारत त्या गावाने कधी पाहिली नव्हती. पालथ्या रांजणासारखी गोल. भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं ते कळू नये अशी. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध झालेल्या वस्तीने विहार बांधायला घेतला, तेव्हा छतासाठी लाकूड विकायला गावात कुणी राजी होईना. प्रेमदास म्हणाला होता, लाकूड नाही तर नाही. आत मातीचा ढीग रचू, त्याच्यावर विटा चढवू, चुना धरला की दारातून माती काढून घेऊ. बोलताना ते सोपं वाटलं होतं.

नाचणगावहून सायकलवर आलेले ओव्हरसियर प्रभाकरराव दारातूनच वर पाहत होते. हे आज ना उद्या बसणार, आत माणूस मेला तर जबाबदारी तुझी, असं त्यांनी दोनदा बजावलं.

प्रेमदासने कुदळ उचलली, तेवढ्यात त्याची बायको धुरपता टोपलं घेऊन आत आली.

"तू काऊन आली?"

"तुमी खोदसान, मंग माती कोन उचलन?"

बाहेर जा, असं त्याने तिला सांगून पाहिलं. ती हलली नाही. खांबाच्या बुडाशी त्याने एक घाव घातला, दुसरा घातला. वरून चुन्याची कणी त्याच्या मानेवर पडली. त्याने वर पाहिलं. केसाएवढी एक रेघ चुन्यातून सरकत चालली होती. त्याचे हात थांबले. तिसरा घाव घालावा की तिला घेऊन पळावं, ते त्याला ठरवता येईना.

घाव घालावाच लागला नाही. खांब आपणहून कलला आणि धप्पकन बसला. धुळीने सगळं भरून गेलं. प्रेमदासने अंदाजाने हात पुढे केला, धुरपताचं मनगट त्याच्या हाती आलं. दोघं तशीच उभी राहिली. वर कुठेतरी एकदा कटकन वाजलं. विटेने विटेला धरलं होतं. मग काहीच वाजलं नाही.

धूळ खाली बसली तेव्हा रेघ होती तिथेच थांबलेली होती.

बाहेरचे गडी एकेक करून आत आले. टोपली भराभर भरू लागली. प्रभाकरराव कधी निघून गेले ते कुणाला कळलं नाही.

दिवस कलला तेव्हा जमीन झाडून झाली. वस्तीतले सगळ्यात म्हातारे नानाजी यांना आधी आत आणलं. वहाणा बाहेर काढून ते भिंतीला हात लावून कडेकडेने चालू लागले. एक फेरा झाला. पुन्हा दाराशी आले, तरी थांबेनात.

"काय पाहून राह्यले, नानाजी?" धुरपताने विचारलं.

"बसाले कोपरा पाहून राह्यलो, बाई."

धुरपताने हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"इथं कोपराच नाई," ती म्हणाली. "मधातच बसा लागन."