दुसऱ्याचं भरून देणारा विमा

“अक्षयाच्या हाताला यश आहे गं बाई, तू आपली नुसती राबत राहा,” असं आई लहानपणी म्हणायची. तो आवाज वैजयंतीच्या मागोमाग इंग्लंडातल्या वॉटफर्डपर्यंत आला होता.

आज धाकट्या बहिणीच्या, अक्षयाच्या दारातून निघताना वैजयंतीची जुनी गाडी मागे जाऊन अक्षयाच्या कोऱ्या गाडीवर आदळली. दोन्ही चेपल्या. वैजयंतीचा विमा थर्ड पार्टी, म्हणजे अक्षयाची गाडी भरून देणारा आणि तिच्या स्वतःच्या गाडीला दमडीही न देणारा. अपघात झाला तरी नवं हिचंच होणार, या विचारानं तिचा जळफळाट झाला.

अक्षया अनवाणीच धावत आली. “ताई, लागलं नाही ना गं? हे बघ, तुझ्या इन्शुरन्सला कळवूच नकोस, उगाच हप्ता वाढेल. माझा कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, स्वतःच्या चुकीचंही मिळतं. मीच खांबाला ठोकली म्हणून सांगते.”

“माझ्यासाठी खोटं नको बोलूस.”

“अगं, चूक काय कुणाचीही होते!”

वैजयंतीच्या हातून स्टिअरिंग सुटेना.

“चूक नव्हती, अक्षू. तुझी गाडी मला आरशात दिसत होती. मी ब्रेक दाबलाच नाही.”