बाकीचं मी बघतो

"मला कोण इचारतंय, मॅडम?" परशराम खाली मान घालून म्हणाला.

"मी विचारतेय ना, अण्णा. सांगा, तुम्हाला काय व्हायचंय?"

कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळे माना वळवून बघायला लागले. परशराम म्हणजे भट्टीपुढं उभं राहून केस पांढरे झालेला माणूस. कुणाशी धड बोलायचा नाही, हसणं तर लांबच. आणि त्याच्यासमोर तेजस्वी उभी. एमबीए होऊन एचआरमध्ये नव्यानं लागलेली, कंग्राळीहून रोज स्कूटीवर बेळगावात येणारी. 'सकारात्मक विचार, यशस्वी जीवन' हे तिचं पहिलंच सत्र. मॅनेजर नागराज सरांनी मोठ्या विश्वासानं ते तिच्यावर सोपवलं होतं. त्यासाठी ती आठवडाभर आरशासमोर बोलत होती.

परशरामनं घसा खाकरला.

"ती नवी कॉम्प्युटरवरची मशीन हाय न्हवं, पोरं चालवत्यात ती. ती शिकावी असं लई वाटतंय. पन आता वय गेलं."

"वय कुठं जात नाही, अण्णा. मनानं 'जमत नाही' म्हटलं की संपलं. म्हणा, मला जमणार!"

"जमनार," परशराम पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"जमनार!" तो ओरडला आणि स्वतःच लाजून हसला. कँटीन टाळ्यांनी दणाणून गेलं. तेजस्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण याच कामासाठी जन्मलो, असं तिला त्या क्षणी अगदी आतून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परशराम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. मशीनच्या प्रशिक्षणाला नाव द्यायचं होतं. गेटवर कागद डकवलेला होता. भट्टी कायमची बंद. भट्टीवरच्या सगळ्यांना कामावरून कमी केलं होतं.

तेजस्वीला हे वॉचमनकडून कळलं. ती धावत गेटवर आली. माणसं डबे हातात धरून नुसती उभी होती. परशरामनं तिला पाहिलं.

"मॅडम, तुमाला म्हाईत हुतं व्हय?"

"नाही हो, अण्णा. देवाशपथ नाही."

"मग ऱ्हावू दे," तो म्हणाला. त्यानं लगेच विश्वास ठेवला. तेच तिला सोसवेना. तो इस्त्रीच्या शर्टाला कुठं सुरकुती पडू नये अशा बेतानं सायकलवर बसला आणि निघून गेला.

ती तशीच नागराज सरांच्या केबिनमध्ये शिरली. काय काय बोलायचं, ते जिना चढताना तिनं ठरवलं होतं. पण सर खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"तेजस्वी, कमाल केलीस! मागच्या वेळी माणसं कमी केली तेव्हा आठवडाभर गेट अडवलं होतं. टायर जाळले, पोलीस आणावे लागले. आज बघ, एक घोषणा नाही. सगळे शहाण्यासारखे घरी गेले. हे तुझ्या सत्राचं यश."

"पण सर, मी तर त्यांना..."

"आशा दिलीस. तीच लागते माणसाला. आजपासून तू असिस्टंट मॅनेजर. शुक्रवारी आपल्या निपाणीच्या शाखेत हेच सत्र घे. शनिवारपासून बाकीचं मी बघतो."

'बाकीचं' म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.

बाथरूममध्ये जाऊन ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन आरशात बघितलं. भट्टी आज ना उद्या बंद होणारच होती. आपण नसतो तर त्या लोकांना दोन चांगले शब्दही मिळाले नसते. परशराम अण्णांना आता बाहेर कुठं तरी मशीन शिकायला मोकळीक मिळाली. एकेक विचार ती इतरांना शिकवायची तसाच मनात ठसवत गेली. बाहेर आली तेव्हा तिचं तिलाच बरंचसं पटलं होतं.

घरी आप्पांनी गल्लीभर खव्याचा गोड कुंदा वाटला. "माझी लेक साहेब झाली," असं ते दारोदार सांगत सुटले. तिनंही हसून सगळ्यांकडून कुंदा खावा तसं कौतुक खाल्लं.

शुक्रवारी कंपनीच्या गाडीनं ती निपाणीला गेली. इथं सुटे भाग पुसून खोक्यांत भरायचं काम. बहुतेक बायकाच. त्या सतरंजीवर ओळीनं बसल्या होत्या. तेजस्वीनं नवी साडी नेसली होती. माइक नीट केला, छान हसली आणि म्हणाली, "ताईंनो, उद्याचा दिवस आपल्या हातात असतो..."

पुढच्या ओळीतली एक वयस्कर बाई गुडघ्यावर हात टेकत उठली. तिनं भिंतीकडची खुर्ची ओढत आणून तेजस्वीच्या मागं ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर तेजस्वीला बरं वाटलं असतं.

"मी मालुबाई. बेळगावच्या परशरामची थोरली भन," ती म्हणाली. "बस गं पोरी. घशाला कोरड पडली असंल, चा घे. नोटिसा आनल्यात न्हवं? त्या आदी वाटून टाक. भाषण मग निवांत ऐकतो. आता आमाला वेळच वेळ हाय."