केबल लावून मोजा

कॉम्प्युटर टेबलावर स्लीप मोडमध्ये झोपलेला होता आणि त्याची नेटची केबल खाली लोंबत होती. जागृतीने ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"रूपेश, ही केबल कोणी काढली?"

रूपेशने मान वर केली नाही. रिपोर्टवर सही करून तो मोकळा झाला होता. केबल काढली की झोपलेला कॉम्प्युटर वीज कमी खातो. पण ऑफिसात, कॉलेजात कोण केबल काढून ठेवतं? म्हणून ती लावूनच मोजायचं, हा महापेच्या या लॅबमधला पहिला धडा. जागृती नवी होती तेव्हा रूपेशनेच तो तिला शिकवला होता. आता बोला.

"अगं, तुझ्याच भावाचा पीस आहे ना? मग टेन्शन कशाला घेतेस," तो म्हणाला. "पास केलाय. वीजबचतीचं लेबल मिळेल आता. मी त्याला फोनसुद्धा करून टाकला."

भावाचा पीस, हेच तर दुखणं होतं. विपुलने बोनकोड्याच्या घराखालचा गाळा भाडेकरूकडून सोडवून तिथे कॉम्प्युटर जोडायचं काम सुरू केलं होतं. कॉलेजांची पहिली मोठी ऑर्डर हाताशी आली होती, पण लेबल नाही तर ऑर्डर नाही. बरं, दुसऱ्या लॅब नव्हत्या असंही नाही. तरी पठ्ठ्याने मशीन आणून टाकलं ते बहिणीच्याच लॅबमध्ये. हा नात्याचा फायदा उठवायला बघतोय, हे जागृतीने तेव्हाच ओळखलं. तिने लॅबचे प्रमुख दिनानाथ सरांना लेखी कळवलं, हा माझा सख्खा भाऊ, हे काम मला देऊ नका. सरांनी ते रूपेशला दिलं. आणि रूपेशने शेजारच्या टेबलाचा शेजारधर्म पाळला.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"बाय, विपुल पास झाला म्हनं. गावदेवीला नारल फोडाला चालले बघ."

आईला इतकं खूश तिने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. जागृती "हो" एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तिला रडू आलं. मग तोंड धुऊन ती तडक दिनानाथ सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सही रूपेशची आहे," सर म्हणाले. "तू कशाला मधे पडतेस? घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुला."

"तोंडाचं मी बघते, सर. तुम्ही केबल लावून मोजा. नाहीतर हा रिपोर्ट खोटा आहे, असं मी लेखी देते."

सरांनी बरेच आढेवेढे घेतले. लॅबचं नाव, रूपेशची नोकरी, सगळं सांगून झालं. बाई काही हटेना, तेव्हा ते स्वतः उठले. केबल लावली, पुन्हा मोजलं. नापास. थोडाथोडका नाही, चांगलाच नापास.

"भावाच्या मुळावर उठलीस," रूपेश पुटपुटला. जागृती पर्स उचलून बाहेर पडली.

खाली गेटजवळ विपुल हेल्मेट घेऊन उभा होता. रूपेशने हेही कळवलं असणार. जागृती भांडणाच्या तयारीनेच जिना उतरली.

"विपुल, तुझा पास मी रद्द करायला लावला. केबल काढून मोजलं होतं ते. ऑर्डर जाईल तुझी. आईला मी सांगते. काय बोलायचं ते मला बोल."

विपुलने हेल्मेट कट्ट्यावर ठेवलं.

"म्हनजे माझाच मीटर बरोबर हाय," तो म्हणाला. "गाल्यात मोजलं तवा जास्तीच येत होतं. वाटलं, मीटर खोटा असंल. आनि मगाशी रूपेशचा फोन, पास म्हनून. डोकं चालेना, तेच विचाराला आलो."

"मग माझ्याच लॅबमध्ये कशाला आणलंस रे?" जागृतीचा आवाज चढला. "दुसऱ्या लॅब काय मेल्या होत्या?"

"दुसरीकडं मशीन न बघताच पास करून देत होते, ताय. तू मला सोडनार नाय, म्हनून हितं आनलं."