हिरवी नोंद

"माझ्या नोंदी दिसतात, बायकोच्या यायच्या बंद झाल्यात," असं म्हणून त्याने फोन काउंटरवर ठेवला.

फोनवाल्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहावं. सुदैवाने आत्ता तो एकटाच होता. असल्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात.

बाईंनी फोन उलटसुलट करून पाहिला. काचेला मोठा तडा होता.

"पडला?"

"हो, पडला."

"फोन जमिनीवर पडतात हो साहेब. हा भिंतीवर पडलेला दिसतो."

तो हसला नाही. "कॅलेंडरचं बघा ना."

कॅलेंडर त्यानेच जोडून घेतलं होतं. त्याच्या नोंदी निळ्या, बायकोच्या हिरव्या. कोण कुठे आहे, किती वाजता परतणार, विचारायलाच नको. सुरुवातीला तिने कुरकुर केली, मग निमूट लिहू लागली. दवाखाना, बाजार, मुलीची शाळा. आणि एक दिवस तो कामावरून आला, तर घर रिकामं. मुलीची एक चप्पल तेवढी दाराशी उरली होती. त्या दिवसापासून हिरवा रंग आटला तो आटलाच.

तिच्या माहेरी फोन केला, तर मेहुणा "इथे नाही" म्हणून ठेवून देई. तिची मैत्रीण रस्त्यात दिसली आणि मान वळवून गेली. शेजारीणसुद्धा हल्ली फार गोड बोलत होती. पाणी कुठेतरी मुरत होतं. एकटी बाई लेकरू घेऊन अशी उठून जात नाही, कुणाचा तरी हात असणार. तो हात कुणाचा, एवढंच त्याला बघायचं होतं.

"मंडळी कुठे असतात?" बाईंनी विचारलं.

"माहेरी गेलीय. नोंदी दिसल्या नाहीत, की जिवाला घोर लागतो."

"लागणारच." बाईंचा अंगठा पडद्यावर फिरत होता. "गाडीची सर्व्हिसिंग, विमा... कोर्टाची तारीख आहे वाटतं तुमची?"

"जागेची भानगड आहे, किरकोळ. तुम्ही हिरव्या नोंदी बघा, निळ्या नको."

"बघते. पण एक सांगू? तिकडून नोंद आली, तर इकडे दिसणार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

म्हणजे तिने मुद्दाम बंद केलं. त्याचे कान तापले.

"काहीतरी कराच हो. मुलीत जीव अडकलाय माझा."

त्याचा आवाज खरोखरच घोगरा झाला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "जुन्या हिरव्या नोंदी वाचल्या तर चालतील? कशा लिहितात ते कळलं, की शोधायला बरं पडतं."

"वाचा की. मुलीला ती पिल्लू लिहिते."

तो स्टुलावर बसला. मांडीवरच्या पिशवीत नवा कापडी ससा होता आणि एक भलंमोठं कुलूप. बाईंची नजर पिशवीवर गेली.

"दाराला?"

"हो. जुनं तुटलं."

"अरे देवा, चोरी झाली?"

"नाही. आतूनच उचकटलं होतं."

फोन घेऊन बाई आतल्या टेबलाशी गेल्या, दिवा लावला आणि पाठ करून बसल्या. थोड्या वेळाने त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं. "ताई, पाचला जागेवर आहेस ना? पाहुणे पाठवतेय. हो, एकटेच आहेत. चहा टाकून ठेव."

तो ताडकन उठला. "कुणाला फोन केलात?"

"थोरल्या बहिणीला. का हो?"

"काही नाही, सहज विचारलं." सगळ्या बायका एकमेकींना सामील असतात, हे त्याचं जुनं मत होतं. हिने परस्पर बायकोलाच कळवलं असलं तर? पण हिला तिचा नंबर कुठला माहीत असायला. तो परत बसला आणि पाय हलवत राहिला.

"घ्या," शेवटी बाई म्हणाल्या. "नशीब जोरावर आहे तुमचं."

पडद्यावर हिरवी नोंद होती. तिचाच हिरवा रंग, तिचीच तुटक भाषा. पिल्लू + मी. नवीन घर बघणे. सायं. ५. खाली नकाशातलं ठिकाणही होतं.

नवीन घर! म्हणजे मजल इथवर गेली होती. त्याने नोंद दोनदा वाचली. राग होता आणि आनंदही.

"आडात होतं म्हणायचं!" तो म्हणाला.

"होतं की."

"पैसे किती झाले?"

"आधी जाऊन तर या. पैसे कुठे पळून जातायत?"

त्याने पिशवी स्कूटरला अडकवली आणि फोन हँडलवर बसवला. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, फोन सांगेल तसा तो निघाला. काय बोलायचं ते वाटेतच ठरवलं. आधी गोड बोलायचं, ससा मुलीच्या हातात द्यायचा. मुलगी स्कूटरवर बसली, की आई झक मारत मागे येईल. आणि घरी गेल्यावर या वेळचं कुलूप कुणाच्या बापाला उचकटता येणार नाही.

"तुमचं ठिकाण आलं आहे," फोन म्हणाला.

त्याने पिशवी काढली, मान वर केली आणि दारावरची पाटी वाचली. पोलीस चौकी.

दारात गणवेशातली एक बाई उभी होती. तिने डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला.

"या साहेब," ती म्हणाली. "धाकटी म्हणालीच, येतील म्हणून. नोंद नीट दिसली ना?"