पेटीतल्या चपला

सोळा वर्षांची पोरगी रात्री गुपचूप बाहेर पडते हे कळल्यावर बापानं ना आरडाओरडा केला, ना हात उगारला. चपला-बूट शिवणारा माणूस तो. झोपताना सगळ्यांच्या चपला पेटीत टाकून कुलूप लावू लागला. अनवाणी पोरगी जाऊन जाऊन जाणार कुठं? सापही मेला, काठीही मोडली नाही, म्हणत महिनाभर ढाराढूर झोपला. आज सकाळी उंबऱ्यापासून तिच्या अंथरुणापर्यंत रक्ताचे ठिपके होते. "विचारा आता तुमच्या कुलपाला," बायको म्हणाली. शिवायला आलेला बूट घ्यावा तसा त्यानं पोरीचा पाय मांडीवर घेऊन चिमट्यानं रुतलेली काच उपसली. अख्ख्या गल्लीचे सोल त्याला पाठ. हा तळवा बघून वर्षं लोटली होती. कुठं गेली होतीस, हे विचारायचं राहिलंच. "दुखतंय का गं?" "आता एवढं नाही, बाबा. कुलूप लागलं त्या पहिल्या रात्री जास्त दुखलं होतं."